वाळूतल्या किड्यांचीही मोजदाद व्हावी

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

महोदय,

२०१३ च्या सप्टेंबरात दीड दिवसाच्या गणपतींचे विसर्जन चालू असताना गिरगाव चौपाटीवर एकच धावपळ उडाली. गुडघाभर पाण्यात उतरलेल्या भाविकांच्या पायांना पाकटांनी डंख मारले आणि कित्येकांना उपचारांसाठी रुग्णालयात न्यावे लागले. पुढचे काही दिवस शहरभर एकच चर्चा होती: पाकट एवढे काठाशी आले कसे? जाणकारांनी आपापली कारणे सांगितली, पालिकेने पुढच्या विसर्जनांसाठी सूचना काढल्या, आणि विषय मागे पडला. पाकट वाळूला पोट टेकून बसतो तो काय खायला, हे विचारायचे मात्र राहून गेले. वाळू उकरून तो खेकडे, शिंपले आणि किडे खातो. चौपाटीची वाळू त्याला जेवू घालते.

हे पत्र त्या किड्यांसाठी आहे.

गांडूळ आणि जळू सगळ्यांच्या ओळखीचे. त्यांच्याच कुळातले, म्हणजे वलयांकित प्राण्यांच्या संघातले, पण खाऱ्या पाण्यात राहणारे हे जीव. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात या संघाची उदाहरणे म्हणून गांडूळ, जळू आणि नेरीस अशी तीन नावे येतात. पहिली दोन मुलांना माहीत असतात, तिसरे परीक्षेपुरते पाठ होते. त्या नेरीसचे भाऊबंद गिरगावातल्या फणसवाडीतून ठाकूरद्वारमार्गे चालत निघालेल्या माणसाला पंधरा-वीस मिनिटांत गाठता येतील इतके जवळ राहतात. अंग वलयावलयांचे, प्रत्येक वलयाच्या दोन्ही बाजूंना मांसल पाय, आणि त्या पायांत राठ केसांचे झुबके. या केसाळ समुद्री किड्यांना शास्त्रज्ञ पॉलिकीट म्हणतात आणि त्यांच्या जगभरात सुमारे १२,००० जाती नोंदल्या गेल्या आहेत. काही हातभर लांब, तर काही इतक्या बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत.

फणसवाडीला समुद्र पूर्वी याहून जवळ होता. मरीन ड्राइव्ह होण्याआधी बॅकबेचे पाणी रेल्वेमार्गाच्या पश्चिमेला लगेच लागे. १८६० च्या दशकात ही खाडी बुजवायला निघालेली कंपनी कापसाच्या तेजीचा फुगा फुटल्यावर बुडाली. १९२० च्या दशकात सरकारने तेच काम पुन्हा हाती घेतले तेव्हा त्यातल्या उधळपट्टीविरुद्ध खुर्शेद नरिमन यांनी जोरदार आवाज उठवला. शेवटी भराव पडला, समुद्राला भिंत आली आणि शहराला आपला सर्वांत देखणा रस्ता मिळाला. या सगळ्या इतिहासात पैशाचा हिशेब सापडतो, जमिनीचा सापडतो, माणसांच्या भांडणांचाही सापडतो. भरावाखाली गेलेल्या वाळूत काय जगत होते, याची वही कुणी उघडली नाही. त्या काळाला त्याबद्दल बोल लावण्यात अर्थ नाही. आजच्या काळाला मात्र ती सबब चालणार नाही.

कारण आज या जीवांविषयी बरेच काही माहीत आहे. आणि जे माहीत आहे ते इतके विलक्षण आहे की आपल्यासारख्या कामाच्या रगाड्यात असलेल्या अधिकाऱ्यानेही दहा मिनिटे काढून वाचावे.

ओहोटीला ओल्या वाळूतून बोटभर वर आलेली, शिंपल्यांचे तुकडे आणि काड्या चिकटलेली एखादी नळी दिसते. बघणाऱ्याला तो कचरा वाटतो. ते डायोपॅट्रा नावाच्या किड्याचे घर असू शकते. हा किडा अंगातून स्रवणाऱ्या द्रवाने चिवट नळी तयार करतो, तिचे वरचे टोक मिळेल त्या तुकड्यांनी मढवतो आणि स्वतः आत खोल राहतो. अशा नळ्या दाटीने असल्या की वाळू जागच्या जागी धरून ठेवली जाते, आणि नळ्यांच्या आडोशाने आणखी लहान जीव वस्तीला येतात. काही जाती नळी न बांधता वाळूत बिळे करतात, वाळू गिळतात, तिच्यातले कुजके पदार्थ पचवतात आणि उरलेली वाळू पृष्ठभागावर वेटोळ्यांच्या ढिगाने टाकतात. १८८१ साली चार्ल्स डार्विनने गांडुळांवर अख्खे पुस्तक लिहून दाखवून दिले की शेताची माती हे क्षुद्र प्राणी वर्षानुवर्षे उलथतात. किनाऱ्यावर तेच काम पॉलिकीट करतात.

त्याने काय होते, हे चौपाटीवर कुणालाही बोटाने पाहता येईल. वरचा थर करडा-तपकिरी असतो. काही सेंटिमीटर खाली गेले की वाळू काळी पडते आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. तिथे प्राणवायू संपलेला असतो आणि गंधकाचा विषारी वायू साठलेला असतो. किड्याचे बीळ या काळ्या थरातून खाली जाते तेव्हा बिळाच्या कडेला तपकिरी किनार दिसते. किडा अंग हलवून वरचे पाणी सतत आत ओढत असतो, त्यासोबत प्राणवायू खाली जातो आणि तिथली कुजण्याची प्रक्रिया बदलते. शहराच्या नाल्यांतून येणारी घाण ज्या वाळूत आणि चिखलात मुरते, तिला श्वास देण्याचे काम हे किडे रात्रंदिवस करतात. त्यांना पगार नाही, त्यांचे कंत्राट निघत नाही, आणि अंदाजपत्रकात त्यांच्यासाठी एक ओळही नसते.

मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर चढते. तेच पाणी काही तासांनी दूर मागे हटते. भांगाच्या दिवसांत हा चढउतार कमी होतो. म्हणजे दोन्ही रेषांमधल्या पट्ट्यात राहणाऱ्याने एकाच दिवसात खारे पाणी, रणरणते ऊन, तापलेली वाळू आणि पावसाळ्यात वरून कोसळणारे गोडे पाणी, एवढे सगळे सोसायचे. इथे टिकणे सोपे नाही. उत्तर युरोपच्या किनाऱ्यावरच्या ॲरेनिकोला या किड्याच्या रक्तातला प्राणवायू वाहणारा रेणू इतका मोठा आहे की तो एका वेळी प्राणवायूचे १५६ रेणू धरू शकतो. माणसाच्या हिमोग्लोबिनचा रेणू चार धरतो. ओहोटीच्या वेळी बिळात अडकून पडल्यावर हा साठा त्याला तारतो. फ्रान्समधल्या संशोधकांनी याच रेणूचा उपयोग प्रत्यारोपणासाठी काढलेली मूत्रपिंडे टिकवण्यासाठी करून पाहिला आहे.

नेरीसच्या कुळातल्या अनेक जाती वयात आल्या की त्यांचे रूपच पालटते. डोळे मोठे होतात, मागच्या वलयांवरचे पाय पोहण्याजोगे पसरट होतात, आणि चंद्राच्या ठरावीक तिथीला त्या बिळे सोडून पाण्यात वर येतात. नर-मादी एकत्र येतात, अंडी आणि शुक्रबीजे पाण्यात सोडतात आणि बहुतेक मरून जातात. दक्षिण पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवर पालोलो नावाच्या किड्याची अशी रात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते तेव्हा गावेच्या गावे जाळी घेऊन पाण्यात उतरतात. तिथे तो पक्वान्न आहे.

आणि हे सारे डोळ्यांना दिसणाऱ्यांचे झाले. वाळूच्या कणाकणांमधल्या पाण्यात याहून लहान किडे राहतात, एक-दोन मिलिमीटरचे. अंगातल्या चिकट ग्रंथींनी ते वाळूच्या कणाला धरून राहतात आणि लाट आली तरी वाहून जात नाहीत. १९४२ मध्ये मॉली मेअर या ब्रिटिश संशोधिकेने या मधल्या आकाराच्या जीवसृष्टीला मायोबेंथॉस हे नाव दिले. आपल्याकडे वाल्टेअरच्या, म्हणजे विशाखापट्टणमच्या, पुळणीवर पी. एन. गणपती आणि जी. चंद्रशेखर राव यांनी १९६० च्या दशकात या जीवांवर मोलाचे काम केले. बर्म्युडाच्या वाळूत तर ओलाव गीअरे या जर्मन शास्त्रज्ञाला असे किडे सापडले की ज्यांना तोंड नाही आणि आतडेही नाही. त्यांच्या कातडीखाली जिवाणू राहतात. गंधकयुक्त संयुगांपासून ऊर्जा मिळवून ते जिवाणू अन्न तयार करतात आणि किडा त्यावर जगतो. ज्या काळ्या, वास मारणाऱ्या थराला आपण घाण म्हणतो, तो या जोडीची शिधासामग्री आहे. भरतीच्या वरच्या रेषेवर कुजणाऱ्या शेवाळाखाली राहणारे पाँटोड्रिलस हे समुद्रकाठचे गांडूळही असेच नवलाचे. डिवचले की त्याच्या अंगातून चमकणारा द्रव बाहेर येतो आणि अंधारात प्रकाश दिसतो. उष्ण प्रदेशांतल्या किनाऱ्यांवर, भारताच्याही, ते आढळते.

आता पुळणीवरून खारफुटीकडे वळू. महालक्ष्मी, वरळी, माहीम असे उत्तरेला गेले किंवा लालबाग-परळहून पूर्वेला शिवडीला उतरले की वाळू संपून चिखल लागतो. तिवराची झाडे चिखलातून श्वासमुळे वर काढतात. त्या मुळांच्या मधे पडलेली पाने खेकडे फाडतात, किडे आणि जिवाणू त्यांचे आणखी बारीक विघटन करतात, आणि तो चुरा कोळंबीपासून बोयटापर्यंत अनेकांच्या पोटात जातो. निवट्या चिखलावर उड्या मारतात त्या काही शोभेसाठी नाही, त्यांचे ताट तिथेच मांडलेले असते. गिरगावातल्या आणि दादरच्या घरांत आवडीने खाल्ली जाणारी मुडदुशी घ्या किंवा लेपा घ्या, दोघांच्याही आहारात पॉलिकीटांचा मोठा वाटा असतो. बाजारात माशांचे भाव चढले की सगळे बोलतात. त्या माशांचे खाणे कुठून येते, याची चौकशी पालिकेच्या किंवा राज्याच्या कुठल्या खात्याकडे करायची, हे सामान्य माणसाला ठाऊक नाही.

शिवडीच्या चिखलपट्ट्यावर हिवाळ्यात रोहित येतात तेव्हा दुर्बिणी घेऊन गर्दी होते. त्यातला लहान रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, मोठा रोहित चिखलातले किडे आणि इतर लहान प्राणीही खातो. पण किड्यांवर खरे जगतात ते चिखल्या, तुतवार आणि पाणटिवळे. हे पक्षी हजारो किलोमीटरचा प्रवास करून येतात, आणि त्यांतल्या पाणटिवळ्यांच्या लांब चोची चिखलात खुपसण्यासाठीच आहेत. परतीच्या प्रवासासाठी लागणारी चरबी त्यांना इथेच जमवायची असते. ठाणे खाडीचा वरचा भाग ऑगस्ट २०१५ मध्ये रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला, याचा शहराला अभिमान आहे. शिवडीवरून जाणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. पुलावरून जाणाऱ्याला पक्षी दिसतात, पक्ष्यांना तिथे बोलावणारा चिखल दिसत नाही.

महोदय, इथे एक मुद्दा कायद्याचा आहे आणि तो आपल्या कार्यालयाने विशेष लक्षात घ्यावा. १८ जानेवारी २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेच्या पहिल्या वर्गात सर्वांत कडक संरक्षण ज्या जागांना दिले आहे, त्यांत खारफुटीबरोबर 'जैविकदृष्ट्या सक्रिय' दलदलीचे पट्टेही आहेत. भरती आणि ओहोटीच्या रेषांमधला पट्टा त्याच पहिल्या वर्गाच्या दुसऱ्या भागात येतो. एखादा चिखल जैविकदृष्ट्या सक्रिय आहे की नाही, हे ठरवायचे कशावरून? खारफुटी डोळ्यांना दिसते, उपग्रहाच्या चित्रातही दिसते. उघडा चिखल मात्र नकाशावर रिकामा दिसतो. तो सक्रिय आहे हे सांगणारे साक्षीदार त्याच्या पोटात असतात आणि त्यांतले फार मोठे प्रमाण या किड्यांचे. त्यांची मोजणीच झाली नाही तर कायद्यातले ते दोन शब्द वाऱ्यावर राहतात. ज्या प्रकल्पाला तो चिखल हवा असतो, त्याला तो ओसाड आहे असे म्हणणे सोपे होते.

किनारी रस्त्याचे उदाहरण ताजे आहे. मरीन ड्राइव्हच्या प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून वरळीपर्यंतच्या १०.५८ किलोमीटरच्या या रस्त्यासाठी सुमारे १११ हेक्टर भराव पडला. जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्याच्या परवानग्या रद्द केल्या, डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुढे गेले. याच कामात हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली हलवल्या गेल्या. पालिकेने हे केले हे चांगलेच झाले. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, म्हणून त्यांच्याकडे लक्ष गेले. त्या खडकांच्या कपारीत आणि शेजारच्या वाळूत राहणाऱ्या किड्यांना तसा कायद्याचा आधार नाही. त्यांना कुणी हलवावे अशी मागणी कुणी करणार नाही, ते शक्यही नाही. निदान भरावाखाली काय गेले, हे लिहून ठेवण्याचे कर्तव्य तरी मोठ्या शहराने पाळायला हवे.

वर्सोव्यापासून भाईंदरपर्यंतच्या पुढच्या टप्प्यासाठी ४५ हजारांहून अधिक खारफुटी तोडण्याची परवानगी उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये दिली. त्या बदल्यात झाडे लावली जातील. झाडांची संख्या मोजता येते, बदल्यातल्या झाडांचीही येते. जुन्या तिवरांखालचा चिखल घडायला मात्र अनेक वर्षे लागलेली असतात आणि नव्या रोपांखाली तोच जीवसमाज कधी येतो, की येतच नाही, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. झाडांच्या आकड्याशेजारी चिखलातल्या जीवांचा आकडा लिहिण्याची अट पालिका स्वतःहून घालून घेऊ शकते. कुठल्याही न्यायालयाने सांगण्याची वाट पाहण्याची गरज नाही.

किड्यांच्या मोजणीचा दुसरा उपयोग पालिकेच्या रोजच्या कामाशी जोडलेला आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ गिरगाव चौपाटीसह मुंबईच्या किनाऱ्यावर पाण्याचे नमुने घेते. ते आवश्यकच आहे. पण चौपाटीचे पाणी दिवसातून दोनदा येते आणि जाते. सकाळच्या नमुन्यात जे असेल ते दुपारी नसेल. पाण्याचा नमुना म्हणजे खात्यातली आजची शिल्लक, वाळूतला किडा म्हणजे पासबुक. महिनोन् महिने एकाच जागी राहून त्याने जे सोसले, ते त्याच्या असण्या-नसण्यातून वाचता येते.

हे काही नवे शोधून काढायचे नाही. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजलिस-लाँग बीच बंदरात डोनाल्ड रीश यांनी दाखवले की कोणत्या भागात कोणते पॉलिकीट आहेत, यावरून तिथली घाण ओळखता येते. जिथे मैला जास्त आणि प्राणवायू कमी, तिथे बाकीच्या जाती नाहीशा होतात आणि कॅपिटेला नावाचा लहानसा लाल किडा एकटाच फोफावतो. १९६९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट फॅल्मथजवळ तेलवाहू बार्ज फुटली, तेव्हा मेलेल्या चिखलात आधी हाच किडा वाढला. त्याचा अभ्यास करताना ग्रासल दांपत्याला १९७६ मध्ये आढळले की एकच समजली गेलेली ती जात म्हणजे दिसायला सारख्या अशा निदान सहा वेगवेगळ्या जाती आहेत. २००० मध्ये स्पेनच्या बास्क किनाऱ्यावर आंखेल बोर्खा आणि सहकाऱ्यांनी गाळातल्या जीवांची संवेदनशील ते संधिसाधू अशा पाच गटांत विभागणी करून किनाऱ्याची प्रकृती सांगणारा निर्देशांक तयार केला. तो आज अनेक देशांत वापरात आहे. मुंबई बंदराच्या गाळातल्या पॉलिकीटांवरून बंदराचे आरोग्य जोखणारा अभ्यास २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. म्हणजे पद्धत इथेही वापरून झालेली आहे.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली आणि शेकडो टन तेल पाण्यात गेले. अशा घटनेनंतर किनारा सावरला की नाही, हे विचारले जाते. त्याचे खरे उत्तर द्यायला आधीची नोंद लागते. आजारी पडल्यावर पहिल्यांदाच तपासणी केली तर निरोगी असतानाचा आकडा कुठून आणायचा?

वरळी, वांद्रे, मालाड, धारावी, वर्सोवा, घाटकोपर आणि भांडुप इथे पालिका सात नवी मलजल प्रक्रिया केंद्रे उभारत आहे. त्यांची एकूण क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर असेल. गेल्या अनेक वर्षांतले मुंबईच्या समुद्रासाठीचे हे सर्वांत मोठे काम आहे आणि त्याचे श्रेय पालिकेला दिलेच पाहिजे. ती केंद्रे पूर्ण ताकदीने चालू झाल्यावर समुद्र खरोखर सुधारला का, हे सांगणारा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार गाळातच असेल. कॅपिटेला कमी झाला आणि नाजूक जाती परतल्या, तर करदात्यांचा पैसा कामी आला. त्यासाठी मोजणी केंद्रे सुरू होण्याआधी व्हायला हवी, नंतर नव्हे.

किनारा साफ करण्याबद्दलही थोडे बोलले पाहिजे. मुंबईच्या पुळणींवर प्लॅस्टिक, निर्माल्य, बाटल्या, कापडे यांचा खच पडतो आणि तो उचललाच पाहिजे. विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी चौपाटी उपसणारे कामगार आणि स्वयंसेवक यांचे ऋण शहरावर आहे. पण यंत्राने अख्खी वाळू चाळणे ही वेगळी गोष्ट आहे. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यावर जेनिफर डूगन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की जिथे वाहून आलेले समुद्री शेवाळ यंत्रांनी नियमित काढले जाते, तिथे वाळूतले प्राणी घटतात आणि त्यांच्यावर जगणारे किनारपक्षीही. ट्रॅक्टरची चाके ओल्या वाळूत, बिळांवरून फिरवू नयेत, आणि नैसर्गिक शेवाळ हा कचरा नाही हे कंत्राटाच्या अटींत स्पष्ट लिहावे. एवढे दोन बदल केले तरी चौपाटी तितकीच स्वच्छ दिसेल.

आता मोजणीचा खर्च. लोखंडी चौकट, फावडे, अर्ध्या मिलिमीटरच्या भोकांची चाळण, नमुने टिकवायला फॉर्मॅलिन, आणि प्राण्यांच्या पेशी गुलाबी दिसाव्यात म्हणून रोझ बंगाल हा रंग, एवढ्यावर सुरुवात होते. पुढचे काम सूक्ष्मदर्शकाचे आणि संयमाचे. ओळख पटवण्यासाठी पिअर फोवेल या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाचा १९५३ मध्ये अलाहाबादहून निघालेला भारतीय पॉलिकीटांवरचा ग्रंथ आजही टेबलावर असतो, जरी त्यातली बरीच नावे आता बदलली आहेत. माणसेही आहेत. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे प्रादेशिक केंद्र मुंबईतच आहे. तिच्या गोव्यातल्या मुख्यालयात ए. एच. परुळेकर यांच्या पिढीने तळजीवांच्या अभ्यासाचा पाया घातला. चौपाटीच्या समोर रस्त्यापलीकडे विल्सन महाविद्यालय १८८९ पासून त्याच वास्तूत उभे आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळा शोधायला लांब जायला नको. आणि २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमातून प्रदीप पाताडे आणि त्यांचे सहकारी ओहोटीच्या वेळी शेकडो नागरिकांना किनाऱ्यावर नेत आले आहेत. गिरगाव चौपाटीच्या वाळूत जीव आहेत, हे या शहराला त्यांनी दाखवले. त्यांना सोबत घेतले तर पालिकेचे अर्धे काम झालेले असेल.

पावसाळा या मोजणीत महत्त्वाचा. जून ते सप्टेंबर पाणी गोडसर होते, लाटा वाळू ओढून नेतात आणि किड्यांची संख्या खाली येते. पावसानंतर नवी पिढी बसते. म्हणून मेची तुलना मेशी आणि नोव्हेंबरची नोव्हेंबरशी करावी लागेल. एका वर्षाच्या आकड्यावरून कुणावर ठपका ठेवता येणार नाही, आणि शाबासकीही देता येणार नाही. सलग पाच-सात वर्षे मोजले तरच चित्र उभे राहील. म्हणून हे काम एखाद्या अधिकाऱ्याच्या हौसेवर न सोडता दरवर्षीच्या कामकाजात बसवावे.

जैवविविधता कायदा २००२ मध्ये आला. त्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता समिती नेमायची आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची. माधव गाडगीळ यांनी ज्या नोंदवह्यांची कल्पना देशात रुजवली, त्या खेड्यांसाठी जितक्या तितक्याच महानगरांसाठीही आहेत. मुंबईच्या नोंदवहीत गिरगाव, दादर, माहीम आणि शिवडीच्या वाळूचे आणि चिखलाचे स्वतंत्र प्रकरण असावे. पालिका दरवर्षी पर्यावरण स्थितीचा अहवाल काढते. हवेच्या आणि आवाजाच्या आकड्यांबरोबर त्यात किनाऱ्यावरच्या तळजीवांचे एक पान कायमचे असावे, मराठीत, साध्या भाषेत, नकाशासह.

गिरगावकरांचे चौपाटीशी नाते जुने आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांना निरोप द्यायला लोटलेली गर्दी याच वाळूवर उभी होती. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून बसणाऱ्या गणपतीच्या परिसरातली मुले याच वाळूत खेळत वाढतात. मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात त्यांच्या आजोबांनी रंगीत मासे पाहिले. नातवंडांना आपल्याच किनाऱ्यावरचे, पायाखालचे जीव ओळखता यावेत. त्यासाठी चौपाटीच्या प्रवेशाशी एक मोठा सचित्र फलक लावणे पालिकेला सहज जमण्यासारखे आहे.

तेव्हा महोदय, विनंती अशी: येत्या पावसाळ्याआधी गिरगाव चौपाटी, दादर-माहीमची पुळण आणि शिवडीचा चिखलपट्टा या तीन ठिकाणी पहिली मोजणी करण्याचे आदेश द्यावेत. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात यापुढे होणाऱ्या पालिकेच्या प्रत्येक कामाआधी आणि नंतर अशी मोजणी बंधनकारक करावी. वाळू चाळणाऱ्या यंत्रांच्या कंत्राटात ओल्या पट्ट्याला हात न लावण्याची अट घालावी. आणि जे आकडे येतील ते, चांगले असोत वा वाईट, नागरिकांसमोर ठेवावेत. या कामासाठी ओहोटीच्या वेळी फावडे धरायला गिरगावातून माणसे येतील.

आपला,
फणसवाडीतील एक रहिवासी
गिरगाव, मुंबई